कार्टून संपल्यानंतरचा आठवडा

दोन स्पायडरमॅन समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, हे चित्र मोबाइलवर पाहिले नाही असा माणूस आता विरळाच. राजकारण्यांचे आरोप-प्रत्यारोप असोत की दळण कोणी आणायचे हा घरातला वाद, चित्र कुठेही चपखल बसते. ते आले आहे १९६७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका कार्टून मालिकेतून. हीच मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनने दाखवली आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला कोळ्याच्या पोशाखातला हा वीर पहिल्यांदा तिथे भेटला. त्याच्या मागोमाग तलवार उंचावणारा ही-मॅन आला, मोगली आला आणि १९९७ मध्ये हाडामांसाचा शक्तिमान आला. या मंडळींचा विषय निघाला की सोलापुरातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवात बँकेतला अधिकारी, यंत्रमाग कारखानदार आणि पुण्याहून आलेला संगणक अभियंता एका सुरात बोलू लागतात. त्या बोलण्याचा शेवटही ठरलेला असतो : तेव्हाची मजा आता नाही.

या तक्रारीत एक कोडे आहे. मजा हरवली म्हणावे, तर तिचे सगळे साहित्य आज हाताशी आहे. जुने भाग इंटरनेटवर शोधले की सापडतात, तेही अँटेना फिरवावा न लागता आणि मुंग्या न येता. पण मोठ्या हौसेने लावलेला भाग पाच मिनिटांत बंद होतो. चित्रे खरखरीत वाटतात, कथा पोकळ वाटते, आणि शेजारी बसलेले मूल आपल्याकडे दयेने बघते. हवी ती वस्तू मिळूनही ओढ संपत नसेल, तर ओढ त्या वस्तूची नव्हती, एवढे तरी मानावे लागते. ‘ती ओढ बालपणाची’ असे उत्तर लगेच दिले जाते. पण बालपणात गृहपाठ होता, इंजेक्शने होती, छड्याही होत्या. त्यांच्यासाठी कोणी उसासे टाकत नाही. मग बालपणातला नेमका कोणता भाग या कार्टूनांना चिकटून आठवतो? माझे म्हणणे असे, की आपल्याला आठवते आहे असे वाटते ते कार्टून. प्रत्यक्षात आठवतो तो कार्टून संपल्यानंतरचा आठवडा. पडद्यावर जे अपुरे राहायचे ते पुढचे सहा दिवस गल्लीत पुरे केले जायचे. मजा त्या पुरे करण्यात होती, आणि ती कोणत्याही वाहिनीला पुन्हा दाखवता येणार नाही.

हे नीट समजण्यासाठी ही कार्टूने मुळात कशासाठी बनली ते पाहावे लागते. अमेरिकेत टीव्हीचे अर्थकारण संध्याकाळच्या प्रेक्षकांवर चालायचे. शनिवारी सकाळी मोठी माणसे उशिरापर्यंत झोपलेली किंवा कामात असत. ती वेळ वाहिन्यांच्या दृष्टीने पडीक होती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर सीबीएस वाहिनीवर फ्रेड सिल्व्हरमन या तरुण अधिकाऱ्याने ती मुलांसाठी पिकवायला घेतली. १९६६ मध्ये सुपरमॅन आणि स्पेस घोस्ट आले, ९ सप्टेंबर १९६७ रोजी एबीसी वाहिनीवर स्पायडरमॅन आला, आणि १९७३ पासून सुपर फ्रेंड्समध्ये वीरांची अख्खी फौजच अवतरली. मधल्या काळात हिंसेवरून पालक चिडले, १९६८ मध्ये पेगी चॅरेन यांच्या पुढाकाराने मुलांच्या टीव्हीसाठी झगडणारी संघटना उभी राहिली आणि काही वर्षे वीरांचे ठोसे आवरते घेतले गेले. पण मूळ व्यवहार बदलला नाही. साखर लावलेली न्याहारीची पोकळी आणि खेळणी विकणाऱ्या कंपन्यांना एकगठ्ठा मुले हवी होती. कार्टून ती मुले आणून द्यायचे. पुढे चोवीस तास चालणाऱ्या कार्टून वाहिन्या आल्या, शैक्षणिक कार्यक्रमांची सक्ती झाली आणि जाहिरातदार पांगले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी सीडब्ल्यू वाहिनीने आपला कार्टूनांचा पट्टा बंद केला तेव्हा मोठ्या अमेरिकी वाहिन्यांवरची ही प्रथा संपली असे तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिले.

आपल्याकडे शनिवार सकाळ अशी रिकामी कधीच नव्हती. महाराष्ट्रातल्या मुलाला शनिवार सकाळ म्हणजे सकाळची शाळा आणि मैदानावरची कवायत. कार्टूनांना जागा मिळाली ती मुख्यतः रविवारी, आणि ती देणारा बाजार नव्हता, सरकार होते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ च्या सुमारास देशभर लहान क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, आणि महानगरांबाहेरच्या शहरांत घरांच्या छपरांवर अँटेना दिसू लागले. या शहरांना वाहिनी एकच. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले तेव्हा रविवार सकाळ ही टीव्हीची वेळ म्हणून देशाच्या अंगवळणी पडली. मुलांचे वीर याच सवयीच्या आधाराने घरात शिरले. गंमत म्हणजे ‘शक्तिमान’चा पहिला भाग दाखवला गेला तो दिवस, १३ सप्टेंबर १९९७, शनिवारच होता. नंतर मालिका रविवारी आली आणि तिथेच रुजली. शनिवारी सकाळी शाळा भरणाऱ्या देशात दुसरे काय होणार? तात्पर्य, तिकडची शनिवार सकाळ विक्रेत्यांनी घडवली, आपली रविवार सकाळ प्रसारणाच्या मक्तेदारीने. दोन्हींत समान गोष्ट एकच होती : आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, जेमतेम अर्धा तास.

आता त्या अर्ध्या तासात काय दिसायचे? निर्दयपणे सांगायचे तर स्वस्त माल. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदात चोवीस चौकटी जातात. उत्तम ॲनिमेशनमध्ये त्यासाठी किमान बारा स्वतंत्र चित्रे काढतात. टीव्हीच्या पैशांत ते परवडेना, म्हणून शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ, पापण्या किंवा एक हात हलवण्याची युक्ती निघाली. १९६७ च्या स्पायडरमॅनच्या अंगावरची जाळी नीट पाहा. ती मुखवटा, हातमोजे आणि बूट एवढ्यावरच आहे. छातीवरची जाळी प्रत्येक चित्रात काढत बसणे महाग होते, म्हणून गाळली. पहिल्या हंगामानंतर ग्रँट्रे-लॉरेन्स ही निर्माती संस्था दिवाळखोरीत गेली आणि काम क्रांट्झ फिल्म्सकडे गेले. तिथे राल्फ बक्षी यांच्या चमूने इमारतींवरून झोके घेण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा वापरली. ‘रॉकेट रॉबिन हूड’ या आपल्याच दुसऱ्या मालिकेतले तुकडे उचलून काही भाग उभे केले. ही-मॅनच्या फिल्मेशन संस्थेची रीतही तीच. धावणे, उडी, ठोसा यांची चित्रे एकदा काढून साठवायची आणि भागागणिक वापरायची. तलवार वर करून राजपुत्र ॲडमचा ही-मॅन होतो ते दृश्य म्हणूनच जवळजवळ प्रत्येक भागात तसेच्या तसे येते.

टीकाकारांनी या काटकसरीला नेहमी नावे ठेवली, आणि कलेच्या दृष्टीने ती टीका योग्यच होती. पण तिचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. जी हालचाल दर आठवड्याला जशीच्या तशी दिसते ती पाठ होते. मनगट वळवून जाळे सोडणे, तलवार डोक्यावर नेणे, पुढे शक्तिमानचे हात वर करून गरगर फिरणे, या खुणा इतक्या ठरीव आणि सोप्या होत्या की चार वर्षांचे मूलही त्या हुबेहूब करू शकत होते. त्यांना कसलेही सामान लागत नव्हते. दुसरीकडे कथा इतक्या तुटपुंज्या होत्या की त्यांत भर घालायला भरपूर वाव राहायचा. खलनायक हरून कुठे जातो, वीर जेवतो काय, दोन वीर एकमेकांसमोर आले तर कोण जिंकेल, याची उत्तरे मालिकेत नव्हती. ती सोमवार ते शनिवार वाद घालून ठरवावी लागत. सोलापूरकरांच्या भाषेत सांगायचे तर दूरदर्शन फक्त सूत द्यायचे. कापड गल्लीत विणले जायचे.

सोलापूर हे उदाहरण इथे केवळ सोयीचे म्हणून घेतलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख वस्तीच्या या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा शेजारी-शेजारी नांदतात. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवले; त्या घरांतल्या बायकांनी विड्या वळून संसार सावरले. अक्कलकोट आणि होटगीच्या बाजूने कन्नडचा वारा येतो. शहरात चारही माध्यमांच्या शाळा आहेत. इथल्या मुलांसमोर स्पायडरमॅन आला तो इंग्रजी बोलत, आणि पुढचे वीर आले ते हिंदी बोलत. म्हणजे चारांपैकी तीन भाषांच्या मुलांना पडद्यावरची भाषा घरची नव्हे, आणि उर्दू घरांतल्या मुलांनाही इंग्रजी वीर तितकाच दूरचा. मग ते संवाद पोहोचले कसे? ज्याला दोन वाक्ये जास्त कळली त्याने बाकीच्यांना सांगितले, आणि ते सांगणे गल्लीच्या भाषेत झाले. म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावणाऱ्या, तेलुगू-कन्नडचे हेल घेतलेल्या सोलापुरी मराठीत. वीज गेली, पाहुणे आले, आईने रेशनच्या रांगेत पाठवले, अशा कारणाने ज्याचा भाग हुकला त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुनर्प्रक्षेपण नाही, रेकॉर्डिंग नाही. सांगणारा थोडे मीठ-मसाला लावणारच. अर्धा तास एकाच साच्यातून आलेली गोष्ट आठवडाभरात अशी चार भाषांच्या तोंडी जाऊन प्रत्येक वाड्यात थोडी वेगळी होत असे. चारही घरांतल्या मुलांना एकत्र आणणारी गोष्ट कार्टून होती हे खरे; पण ती बोलावण्यापुरती. जमल्यावर जे घडले ते मुलांचे स्वतःचे होते.

ही-मॅनच्या बाबतीत तर हा फरक फार बोलका आहे. मॅटेल कंपनीने त्याच्या बाहुल्या १९८२ मध्ये बाजारात आणल्या आणि मालिका आली १९८३ मध्ये. आधी खेळणे, मग कथा. रेगन सरकारच्या काळात मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातविषयक निर्बंध सैल झाले, त्या वाऱ्यावर ही १३० भागांची मालिका चालली. अमेरिकी टीकाकार तिला अर्ध्या तासाची जाहिरात म्हणत, आणि ते चूक नव्हते. पण जाहिरातीचा हेतू पुरा होण्यासाठी समोर दुकान लागते आणि खिशात पैसे. विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत ती महागडी बाहुली घ्यायची ऐपत बहुतेक घरांत नव्हती. त्यामुळे जाहिरात विक्रीपर्यंत पोहोचलीच नाही. तिचे नुसते गोष्टीत रूपांतर झाले. तलवार म्हणून काठी आली, ढाल म्हणून पत्र्याचे झाकण आले. वीराची पाठीवरची झूल तर टॉवेल गळ्यात बांधला की झाली, आणि टॉवेल-चादरी विणणाऱ्या गावात त्याची कमतरता असण्याचे कारण नव्हते. जिथे बाहुली विकत मिळाली तिथे ही-मॅनचा चेहरा, शस्त्रे, शत्रू हे सगळे कारखान्याने ठरवून दिले. जिथे ती मिळाली नाही तिथे ते मुलांनी ठरवले. गरिबीचे कौतुक करण्याचा यात हेतू नाही. बाहुली मिळाली असती तर कोणत्या मुलाने नाकारली असती? मुद्दा एवढाच, की आज जी आठवण गोड वाटते तिच्यात कंपनीने घातलेला वाटा फार लहान आहे.

‘द जंगल बुक’चा प्रवास याहून मासलेवाईक. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने ती गोष्ट इंग्रजीत लिहिली आणि मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या टेकड्यांत ती घडवली. तिथले पेंचचे जंगल थेट नागपूर जिल्ह्यात उतरते. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये तिची बावन्न भागांची मालिका केली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनने ती हिंदीत आणली, तेव्हा शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. एवढे देश आणि भाषा ओलांडून आलेला मोगली पाहणाऱ्या मुलाला ‘हा कुठला’ असा प्रश्न पडला नाही. झाड दिसले की तो त्यावर चढला आणि तिथून पुढे मोगली त्याचा झाला.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप मानसशास्त्राचा आहे. उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना साधारण दहा ते तिशी या काळातल्या आठवणी सर्वांत ठळक असतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मग प्रत्येक पिढीला आपलेच गाणे, आपलाच नट, आपलेच कार्टून श्रेष्ठ वाटणार. त्यात गल्ली आणि आठवडा यांचा संबंध काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. आठवण ठळक का, हे त्यातून समजते. पण तिच्यात नेमके काय साठले आहे, हे समजत नाही. त्यासाठी लोक काय सांगतात ते ऐकावे. स्पायडरमॅनच्या एखाद्या भागाचे कथानक सांगा म्हटले तर बहुतेकांना एकही धड सांगता येत नाही. शीर्षकगीताची चाल येते, एक-दोन खुणा येतात, आणि मग बोलणे सरकते ते कोणाच्या घरी टीव्ही होता, कोण दारात उभे राहून बघायचे, कोणी कुठल्या भिंतीवरून उडी मारून हात मोडून घेतला याकडे. कथेचा तपशील पुसला गेला आणि कथेभोवतीचे माणसांचे जग टिकले. यावरूनच साठवण कशाची झाली ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ‘आमची पिढी’ म्हणताना आपण कोणाला मोजतो? २००१ च्या जनगणनेत देशातल्या अवघ्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता. म्हणजे शक्तिमान भरात असतानाही तीनपैकी दोन घरे त्याविना होती. शहरांत प्रमाण जास्त होते, तरी टीव्ही असलेल्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहणे आणि सोफ्यावर बसून पाहणे यांतले अंतर जातीचे, पैशाचे आणि धर्माचेही असू शकते. दार लावून घेतल्याच्या आठवणीही असतात, त्या लग्नाच्या मांडवात कोणी सांगत नाही. शिवाय गल्लीतला तो आठवडा प्रामुख्याने मुलग्यांचा होता. विडीच्या घरांतल्या मुली आईला हातभार लावत, विणकरांच्या घरांत कांड्या भरत, धाकट्यांना सांभाळत. त्यांच्या वाट्याला खेळ उरलासुरला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यामुळे माझ्या मूळ म्हणण्याला धक्का न लागता ते अधिक काटेकोर होते. मजा कार्टूनमध्ये असती तर ज्यांनी पाहिले त्यांना ती सारखीच मिळाली असती. ती नंतरच्या मोकळ्या वेळात होती, म्हणूनच ज्याला जितका मोकळा वेळ आणि मोकळी गल्ली, त्याला तितकी ती मिळाली. तेव्हा त्या काळासाठी हळहळताना तो सर्वांसाठी सारखा होता असे मानू नये.

तिसरा आक्षेप धोक्याचा. शक्तिमानच्या काळात त्याची नक्कल करताना किंवा तो वाचवायला येईल या भरवशावर मुलांना इजा झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि मालिकेवर कडक टीका झाली. मुकेश खन्ना यांना स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजावावे लागले. भागाच्या शेवटी छोट्या सवयींबद्दल शिकवण देण्याची रीत तर मालिकेची ओळखच झाली. ही-मॅनच्या शेवटीही अशी बोधाची पुरवणी असायचीच. खेळातून अपुरे पुरे करणे नेहमी निरागस नसते, हे यातून दिसते. पण त्यावरचा उपाय काय ठरला तेही पाहावे. खेळ बंद करा असे कोणी म्हटले नाही. मोठी माणसे खेळात लक्ष घालू लागली, बोलू लागली. हीच गोष्ट आजच्या चर्चेत हरवली आहे. आजचे मूल छतावरून उडी मारत नाही म्हणून सुरक्षित वाटते, पण ते खोलीत काय पाहते याबद्दल त्याच्याशी बोलणारे कोणी नसते.

चौथा आक्षेप आजच्या मुलांच्या बाजूचा, आणि तो ऐकलाच पाहिजे. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने २००८ मध्ये आणलेला छोटा भीम आपल्या मातीतला आहे, त्याचे लाडू खाणे पाहून मुले लाडू मागतात, त्याच्या नावाने मारामाऱ्या खेळतात. मग कल्पनाशक्ती मेली असे कसे म्हणता? मेली नाहीच. मुलांची कल्पनाशक्ती इतकी तकलादू नसते. बदलले आहे ते अंतर. १ मे १९९५ रोजी भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले, २००४ मध्ये पोगो आली, आणि आता फोन आहे. एक भाग संपतो न संपतो तोच दुसरा आपोआप सुरू होतो. अडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या भागात लगेच मिळते, त्यामुळे ते आपण शोधायची वेळच येत नाही. वीरासोबत त्याचे दप्तर, डबा, टी-शर्ट आणि मोबाइलवरचा खेळही तयार येतो. भाषेचेही तसेच. आठवड्यातून अर्धा तास ऐकलेली हिंदी गल्लीत विरघळून जायची. दिवसाचे तीन तास ऐकलेली हिंदी विरघळत नाही, ती मुलाच्या तोंडात जशीच्या तशी बसते. ‘आमचा नातू डोरेमॉनच्या हिंदीत बोलतो’ ही आजीची तक्रार त्यातून येते. आजीला वाटते की दोष जपानी मांजराचा आहे. दोष त्या मांजराने विश्रांती न घेण्याचा आहे.

बाजाराने या ओढीचा अर्थ आपल्या सोयीने लावला आहे. २०१६ मध्ये डिस्नेचा ‘द जंगल बुक’ भारतात आला तेव्हा हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे जुने गाणे पुन्हा घडवले गेले आणि शेरखानसाठी नाना पाटेकर यांनाच बोलावले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत घरी अडकलेल्या देशाला दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखवला. १९९२ ची एक्स-मेन मालिका जिथे संपली तिथून पुढे नेणारी नवी मालिका २०२४ मध्ये निघाली, आणि तिच्या नावातच ९७ हा आकडा ठेवला. हे सगळे कुशल काम आहे आणि त्यातून क्षणभर आनंद मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या साऱ्यांत विकले जाते ते मूळ सूत, जास्त तलम करून. ते विणण्यासाठी लागलेले सवंगडी, गल्ली आणि सहा दिवस पाकिटात घालता येत नाहीत. म्हणून गाणे ऐकून डोळे पाणावतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा तीच रुखरुख सुरू होते.

मराठी वाचकाला यातून आणखी एक प्रश्न पडायला हवा. आपले बालपणीचे पडद्यावरचे वीर हिंदी आणि इंग्रजी बोलणारे, मग मराठी बोलणारे वीर कुठे होते? ते छापील पानांवर होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता; मराठीतून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ होता; १९७१ पासून ‘किशोर’ मासिक होते. या वीरांनाही हाच नियम लागू होता. पुढची गोष्ट वाट पाहायला लावणारी, मधला काळ वाचणाऱ्याचा. ॲनिमेशनला लागणारा पैसा मराठीच्या बाजाराने कधी उभा केला नाही, हे दुखणे जुने आहे, आणि अमेरिकी किंवा जपानी दर्जाची मराठी कार्टून मालिका व्हावी ही इच्छा रास्तच आहे. पण वर मांडलेला पुरावा खरा असेल, तर दर्जा हीच एकमेव अडचण आहे असे मानण्याचे कारण नाही. छातीवरची जाळी काढायलाही पैसे नसलेली मालिका तीन पिढ्यांच्या लक्षात राहते. थोड्या पैशांत, मोजक्या चित्रांत, पण दर आठवड्याला ठरल्या वेळी येणारी आणि मुद्दाम प्रश्न मोकळे सोडणारी मराठी मालिका कुणी केली, तर तिला सोलापूर, बेळगाव, नांदेड अशा अनेक भाषांच्या शहरांत मुले स्वतःहून पुरी करतील.

पालकांसाठीचा निष्कर्षही याच दिशेचा आहे, आणि तो गैरसोयीचा आहे. मुलाला धरून बसवून १९६७ चा स्पायडरमॅन दाखवणे हा उपाय नाही. त्याला तो कंटाळवाणा वाटेल आणि त्यात त्याची काही चूक नसेल. आपल्याला जे मोलाचे वाटले ते त्याच्या आवडीच्या कार्टूनातूनही मिळू शकते. मात्र भाग संपल्यावर पुढचा लागू द्यायचा नाही, आणि ‘मग पुढे काय झाले असेल?’ हा प्रश्न विचारून उत्तर त्याच्याकडून, घरच्या भाषेत, ऐकून घ्यायचे. बरोबरीची चार मुले जमतील अशी जागा आणि वेळ लागेल. मुली त्यात बरोबरीने असतील हे पाहावे लागेल, कारण मागच्या वेळी ते पाहिले गेले नव्हते. पडलेझडले तर मलम लावावे लागेल. पडदा चालू ठेवण्यापेक्षा हे कितीतरी कष्टाचे आहे, म्हणूनच बहुधा आपण आठवणी काढत बसणे पसंत करतो.